अध्यक्षपद

"माका अध्यक्ष करीत असशात तर माजो कारखानो येतलो. नायतर मी चल्लंय," तात्या वराडकर म्हणाले आणि पायांनी चपला शोधू लागले.

सगळ्यांच्या नजरा हेमलताकडे वळल्या. गावोगाव विखुरलेले काजू कारखानदार एका संघात आणायला तीच उन्हातान्हात हिंडली होती. सगळे आले, तरच काजू फोडायच्या मशीनची सामायिक शेड मंजूर होणार होती आणि तात्यांचा कारखाना सगळ्यांत मोठा. तिचे कामगार पळवणारे, तिच्या मालाला बाजारात नावं ठेवणारेही हेच तात्या.

तिला बसवेना. ती उठून पडवीत गेली आणि येरझारा घालू लागली. तिच्याकडे काजू फोडणारी पार्वती तिथेच निकालाची वाट बघत उभी होती. बाईंना बघताच तिने हात पदराआड घेतले. हेमलताने ते बाहेर ओढले. काजूच्या टरफलातल्या जळजळीत तेलाने बोटांची सालं निघाली होती.

"जेवतंस कशी गो?"

"लेक भरयता," पार्वती हसून म्हणाली.

हेमलता तशीच आत आली. "अध्यक्ष म्हणान मी तात्यांचा नाव सुचवतंय."

भांडायच्या तयारीने आलेले तात्या गडबडलेच. "आणि तुमी, वयनी?"

"मी साधी सभासद," ती म्हणाली. "मशीन कधी येतली तेवढा सांगा, अध्यक्षांनू."