बोक्याचा पुरावा

समजा, तुम्ही खुर्चीवर बसला आहात. हातांची घडी घालायची आणि कशालाही न धरता उठून उभं राहायचं. उठा पाहू. उठलात? कळलंसुद्धा नाही ना? आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या आजोबांकडे बघा.

आजोबांनी हातांची घडी घातली, ओठ घट्ट मिटले आणि जोर लावला. खुर्चीपासून जेमतेम चार बोटं वर आले. मांड्या लटलटल्या. धप्पकन खाली बसले.

"पुन्हा," व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताई म्हणाल्या.

पुन्हा धप्प.

ताईंनी त्यांच्या मांडीभोवती टेप गुंडाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजोबा, व्यायाम तर तुम्ही एक दिवस चुकवत नाही. मग मांडी भरत का नाही?"

"टेप सैल पडली असेल," आजोबा म्हणाले.

आजोबांचा सारा जन्म आपल्या दुकानात कुलपं दुरुस्त करण्यात गेला होता. बंद दिसणारं कुलूप खरंच बंद आहे का, हे ओढून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. माणसांनाही ते असेच ओढून बघत.

सूनबाई आत आल्या. एका हातात दुधाचा पेला, दुसऱ्या हातात उकडलेल्या अंड्यांची बशी. ताईंनी विचारलं, "खाणं नीट आहे ना यांचं? दूध, अंडी, डाळ?"

"सगळं संपवतात हो. बशी अगदी चाटूनपुसून लख्ख!"

"मग खाल्लेलं जातं कुठे?" ताईंनी टेप टेबलावर ठेवली. "पुढच्या आठवड्यात डॉक्टर तपासायला येतील. हात न टेकता उठलात, तर दुकानात जायला मोकळे."

"आणि नाही उठले तर?"

ताईंनी सूनबाईंकडे पाहिलं. सूनबाईंनी जमिनीकडे पाहिलं. "बाबा, दुकान किती दिवस बंद ठेवायचं? हे म्हणत होते, कुणाला तरी देऊन टाकू."

आजोबांच्या मनात खटकन एक खटका बसला. म्हणजे आपला संशय खरा तर!

पेला आणि बशी टेबलावर ठेवून सूनबाई निघाल्या आणि दोघी बोलत बोलत दाराबाहेर गेल्या. हळू आवाजात बोलत होत्या. हळू का बोलायचं?

आजोबांनी कानोसा घेतला. मग वाकून खुर्चीखालची थाळी पुढे ओढली, अंडी कुस्करून तिच्यात टाकली आणि पेला तिरका केला.

"आजोबा!"

टेबलामागून भिंगरी बाहेर आली. ही त्यांची नात. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. वेणी घालतानासुद्धा ती आईभोवती गोल फिरायची, म्हणून हे नाव.

"शू! इकडे ये. कुणाला सांगू नकोस," आजोबा कुजबुजले. "तुझी आई या दुधात झोपेचं औषध घालते."

"ती प्रोटीनची पावडर आहे, आजोबा."

"असं ती सांगते. मग पाठ करून का ढवळते? डब्यावरचं लेबल का उखडलंय? मी दिवसभर झोपून राहिलो म्हणजे दुकान विकायला बरं!"

"कशावरून पण?"

"पुरावा आहे." आजोबांनी खुर्चीखाली बोट दाखवलं. तिथे बोका लोडासारखा पसरला होता. "रोज हा दूध पितो, अंडी खातो आणि झोपतो. एक दिवस चुकला नाही!"

भिंगरीने बोक्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, तो बोका आहे."

"हो, पण आधी इतका झोपत नव्हता."

भिंगरीने टेबलावरची टेप उचलली आणि बोक्याच्या पोटाभोवती गुंडाळली. टेप फार थोडी उरली. बोक्याने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

"खातो हा आणि उठाबशा काढता तुम्ही," ती म्हणाली. "म्हणून याचं नुसतं पोट सुटलंय आणि तुमचे पाय काड्या झालेत. तुम्हीच शिकवलंत ना मला, नुसती कानस चालवून किल्ली होत नाही, खाली पितळ लागतं म्हणून?"

आजोबांनी आपल्या मांडीवर हात ठेवला. रोज सकाळ-संध्याकाळ ते कानस चालवत होते. जोर लावून, दात-ओठ खात. बोटांना हाड लागलं.

पण जन्माची सवय अशी जाते थोडीच? पेल्यात अजून बरंच दूध होतं. त्यांनी तो नाकाशी नेला, हुंगला आणि टेबलावर दूर सारला.

"पितळ आहे की आणखी काही, तुला काय माहीत?"

भिंगरीने पेला उचलला. आजोबा "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिने अर्धं दूध घटाघटा पिऊन टाकलं. पावडरीच्या चवीने तोंड वेडंवाकडं केलं, ओठांवरची पांढरी मिशी बाहीला पुसली आणि आजोबांच्या समोर स्टूल ओढून बसली.

"आता बघा मी झोपते का."

आजोबा बघू लागले. खुर्चीखाली बोका घोरत होता. बाहेर ताईंची चप्पल जिना उतरून गेली, स्वयंपाकघरात भांडी वाजली, उन्हाची तिरीप टेबलावरून भिंतीवर गेली. भिंगरीचा पाय हलला नाही, वेणी हलली नाही. आपले दोन्ही डोळे तिने वाटीएवढे उघडे ठेवले होते.

"पापणी तरी लवव गं," आजोबा म्हणाले.

"नको. मग म्हणाल झोपली."

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. आजोबांवरची नजर जराही न हलवता तिने एक बोट पुढे केलं आणि अर्धा उरलेला पेला टेबलावरून हळूहळू त्यांच्याकडे सरकवला.