खिडक्या लावून झालेली सभा

“हात वर करा,” चेअरमन म्हणाले आणि अख्ख्या सभागृहाने हात वर केला. ठराव वाचायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. मागच्या नव्या टॉवरांपासून मोठ्या रस्त्यापर्यंत जोडरस्ता काढायचा, तो वसाहतीच्या कोपऱ्यावरून न्यायचा आणि आड येणारं प्रत्येक अतिक्रमण आजच्या आज पाडायचं, एवढंच त्यात होतं. लोकसहभाग म्हणतात तो हाच. चेअरमननी ऐटीत सही ठोकली. बिल्डरचा इंजिनिअर कागद घेऊन बाहेर गेला. पाडकामाचं यंत्र सकाळपासूनच कोपऱ्यावर येऊन उभं होतं.

अतिक्रमण म्हणजे कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते शेवटच्या रांगेत, दाराशी बसलं होतं. टेलरबाई. कोपऱ्यावर तिची पत्र्याची टपरी होती, आत एक शिलाई मशीन. त्यावर तिचं आणि अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं पोट चालायचं. चेअरमनच्या पँटी दरवर्षी कमरेत सैल करून देणारी हीच. पण टपरी चेअरमनच्या बंगल्याच्या बरोबर समोर होती आणि त्यांच्या पाहुण्यांना रोज ते ध्यान बघावं लागायचं. पाहुण्यांसाठीच त्यांनी बंगल्यापुढे नवी बैठकीची खोली बांधली होती. तिच्यापायी कुंपण जरा पुढे सरकवावं लागलं. चेअरमन सरकवतात ती सोय असते. अतिक्रमण दुसरे लोक करतात.

बाहेर धाडकन काहीतरी कोसळलं. टेलरबाई ताडकन उठली. ती दाराकडे निघाली.

“खिडक्या लावा रे,” चेअरमन म्हणाले. “चर्चा ऐकू येत नाहीये.”

खिडक्या लागल्या. चर्चा चालली होती दिव्याच्या खांबांना कोणता रंग द्यावा याची. एक काका हिरव्यासाठी हटून बसले होते. एका काकूंनी राखाडीसाठी घसा कोरडा केला. रस्ता नेमका कुठून जातो हे विचारायला ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं, त्या सगळ्यांना खांब म्हटल्यावर कंठ फुटला होता.

पुन्हा आवाज झाला, या वेळी खिडक्यांमुळे जरा दबका. दाराकडे निघालेली बाई थबकली. मान कलती करून तिने नीट ऐकलं. मग ती परत येऊन बसली आणि तिने हात वर केला.

आता रडगाणं सुरू होणार, चेअरमनना वाटलं. नवऱ्याचं औषध, चार गिऱ्हाइकं, सगळं त्यांना पाठ होतं. “बाई, ठराव झालाय. आता काही उपयोग नाही.”

“साहेब, मला एवढंच सांगायचं...”

“बसा म्हणतो ना! सभेला काही शिस्त असते.”

लोक हसले. ज्यांचे कपडे त्या घटकेला तिच्या टपरीत पडले होते, तेही हसले. थोड्या वेळाने बाईने पुन्हा हात वर केला. चेअरमननी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. राखाडीवाल्या काकूंनीच मागे वळून तिचा हात खाली ओढला. “कशाला गं वाईटपणा घेतेस?” त्या मायेने म्हणाल्या. मग मात्र बाईने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच.

खांब राखाडी ठरले. रस्त्याला चेअरमनच्या वडिलांचं नाव द्यायचं ठरलं. त्यावर टाळ्या पडल्या, चहा झाला आणि मग कुठे दार उघडलं.

कोपऱ्यावर धुळीचा लोट होता. तो खाली बसला तशी आधी टपरी दिसली. होती तिथेच होती. दाराशी चेअरमनची पँटही जशीच्या तशी लटकत होती. समोर बंगल्याची बैठकीची खोली मात्र नव्हती. सोफ्यावर विटांचा ढीग पडला होता.

“मोजणी केली, साहेब,” इंजिनिअर कागद पुढे करत म्हणाला. “टपरी रस्त्याच्या बाहेर निघाली आणि तुमची खोली रस्त्यात. आजच्या आज पाडा, असं तुम्हीच लिहून दिलंत.”

काका-काकूंनी पटापट घरचा रस्ता धरला. सही चेअरमनचीच होती, त्यामुळे इंजिनिअरवर ओरडायची सोय नव्हती. ते टेलरबाईवर धावून गेले. “तुला कळलं होतं! आत बसून सगळं कळलं होतं तुला! मग तोंड शिवून का बसलीस?”

बाईने दाराशी लटकलेली पँट काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि घडी करून त्यांच्या हातात दिली.

“माझी टपरी पत्र्याची आहे, साहेब,” ती म्हणाली. “पडत होत्या विटा. तेच सांगायला दोनदा हात वर केला होता.”