नमुन्यातलं कुलूप

शिवम्मानं पडद्यावरच्या गोल खुणेवर अंगठा टेकवला. हिरवी खूण उमटली आणि मोबाईलचं कुलूप उघडलं.

मोबाईल खरा नव्हता. भवानी पेठेतल्या त्या दुकानात भिंतीला एक मोठा पडदा लावला होता आणि कंपनीच्या साइटवरचा मोबाईल त्यात फिरत होता. बोटानं ढकलला की पाठ दाखवायचा, दाबला की फोटो काढायचा. खोकं न फोडता सगळं करून बघायची ही सोय दुकानदार वेणीमाधवनं नुकतीच केली होती आणि येईल त्याला तो ती हौसेनं दाखवत होता.

"झालं ना समाधान? बांधू?"

शिवम्मानं पुन्हा अंगठा लावला. पुन्हा उघडलं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण संशय आला. तीस वर्षं विड्या वळून तिच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. रेशनचं यंत्र चार-चार वेळा अंगठा घासूनही तिला ओळखत नसे. आणि हे पहिल्या फटक्यात ओळखतंय?

"शेठ, तुमी लावा बरं बोट."

वेणीमाधवनं लावलं. हिरवी खूण.

"तुमच्या बोटानं उघडतंय, मग आमच्या नागनाथच्या बोटानं का उघडणार न्हाय?"

"अहो मावशी, हा नमुना आहे. नमुन्यात कुणाच्याही बोटानं उघडतं. खरा मोबाईल फक्त तुम्हालाच ओळखणार. नागनाथ कोण?"

"पोरगा. लेकीचा नंबर मी जुन्या मोबाईलात तीनदा घातला, त्यानं तीनदा काढला. तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून. आकड्याचं कुलूप घातलं, तर मी आकडा दाबताना मागं येऊन हुबा ऱ्हातो. मला बोटाचंच कुलूप पायजे. खरा काढा."

"आधी पैसे, मग खोकं. फोडलेलं खोकं कोण घेतं हो? सगळे असंच बघून नेतात की."

"नेऊ द्या." शिवम्मा स्टुलावर बसली. "मी कारखान्यात विडी देते, तवा चेकर काय करतो म्हाईत हाय? बंडल सोडतो. एकेक विडी बोटात फिरवून बघतो. जरा ढिली दिसली की बाजूला फेकतो. त्याला मी कवा म्हणले न्हाय, की साहेब, बंडल सोडू नका, विडीचं चित्र बघा."

मागं कव्हर बघत उभं असलेलं एक गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं. वेणीमाधव हसला नाही.

"आणि नाही उघडला तर?"

"तर न्हाय घेणार. उघडला तर दमडी कमी करा म्हणणार न्हाय."

वेणीमाधवनं पुटपुटत खोक्याचं सील कापलं आणि मोबाईल चालू केला. आकडा एकदा तरी घालावाच लागतो, म्हणाला. शिवम्मा आकडा घालत होती तेव्हा त्यानं आपणहून तोंड रस्त्याकडे फिरवलं. शिवम्माच्या ते ध्यानात आलं.

मग बोटं. उजवा अंगठा. 'पुन्हा ठेवा.' डावा. 'पुन्हा ठेवा.' तर्जनी, मधलं, अनामिका. तिनं बोटं पदराला पुसली, तोंडाची वाफ दिली, गालावर घासली. करंगळीवर खरा मोबाईल जरा रेंगाळला आणि त्यानं पुन्हा तेच सांगितलं. दहाच्या दहा झाली.

"बघा, मी सांगत होतो," वेणीमाधव म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. "राहू द्या, मावशी. चूक तुमची नाही, पण यंत्राला कोण समजावणार? मी खोकं पुन्हा चिकटवतो."

"थांबा."

शिवम्मा स्टुलावरून उतरली. चप्पल काढली. विड्या वळायला बसते तशी फरशीवर ऐसपैस बसली, पदराच्या टोकानं पायाचा अंगठा खसाखसा पुसला आणि मोबाईल त्या अंगठ्याजवळ नेला.

"ओ, ओ मावशी! पाय काय लावता? नवी वस्तू आहे! दुकानात लक्ष्मी बसलीय!"

"बसू दे की. ती काय म्हणत न्हाय, तुमीच वरडताय."

तिनं अंगठा टेकवला. मोबाईल थरथरला. पडद्यावरचा गोल एका बाजूनं जरासा भरला. तिनं उचलला, पुन्हा टेकवला. गोल आणखी भरला. कव्हरवालं गिऱ्हाईक हातातलं कव्हर ठेवून पुढं आलं. वेणीमाधवही ओरडायचं सोडून गल्ल्यावरून वाकून बघू लागला. दहाव्यांदा टेकवल्यावर गोल पुरा झाला.

शिवम्मानं मोबाईलचा पडदा बंद केला. अंगठा लावला. उघडला. पुन्हा बंद केला आणि वेणीमाधवपुढं धरला.

"आता तुमी लावा."

त्यानं बोट लावलं. मोबाईल उघडला नाही.

शिवम्मानं कनवटीची पुरचुंडी गल्ल्यावर ठेवली आणि कागद पुढं करून टेंभुर्णीचा एक नंबर घालायला सांगितला. भार्गवी, असं नाव. वेणीमाधवनं नंबर घातला, पण त्याला राहवलं नाही.

"मावशी, घरात किती दिवस लपणार हे? पोरगा एक दिवस बघेल, तुम्ही कशानं उघडता ते, आणि झोपेत तुमचा पाय धरून उघडेल."

"बघू दे." तिनं चप्पल पायात सरकवली. "लेकीच्या लग्नाला गेलते मी. त्या दिवसापासनं त्यानं माझ्या पायाला हात लावला न्हाय."