कपाटातून पीं पीं

मी कुलपं दुरुस्त करतो आणि स्वतःच्या किल्ल्या मात्र हरवतो. म्हणून बायकोने माझ्या जुडग्याला बटणाएवढा ट्रॅकर अडकवला. तिने मोबाइलवर बोट ठेवलं की घरात कुठेतरी "पीं, पीं" वाजायचं आणि किल्ल्या सापडायच्या.

सोय झाली खरी, पण किल्ल्यांबरोबर मीही सापडायला लागलो.

"अहो, दुकान बंद करून सिगारेटवाल्यासमोर इतका वेळ काय करत होतात?"

"मला काही खासगी आयुष्य आहे की नाही?"

"छातीत दुखलं तेव्हा कुठे गेलं होतं ते?"

माझं डोकंच फिरलं. आज ती आंघोळीला गेल्यावर मी ट्रॅकर उघडला, त्यातला सेल काढून कचऱ्यात टाकला आणि जुडगा खिशात घातला.

ती बाहेर आल्यावर मी साळसूदपणे म्हणालो, "किल्ल्या हरवल्या गं. शोध की तुझ्या मोबाइलवर."

तिने बोट ठेवलं.

"पीं, पीं." आवाज कपाटातून आला.

मी खिसा चाचपला. जुडगा जागेवर होता.

"पुन्हा दाबू नकोस," मी म्हणालो. तिने अर्थातच दाबलं.

या वेळी आवाज जरा घोगरा होता, कुणी तोंडाने काढावा तसा. मध्येच तो थांबला. आत कुणीतरी हळूच खोकलं, घसा साफ केला आणि पुन्हा सुरू झालं, "पीं, पीं."

"बघा, सापडल्या!" म्हणत बायकोने कपाटाची मूठ ओढली. "अहो, याला तर कुलूप आहे."

मी हळूच खिशावर हात दाबला.

"त्यांच्या उजव्या खिशात बघा," कपाटातून कुणीतरी म्हणालं.