विमलबाईची साक्ष

बैलबंडीची उभारी, हातातलं ते जाड लाकूड, मोडली तेव्हाच बाबाराव मारायचा थांबला, हे मारोतरावांच्या वकिलानं यवतमाळच्या कोर्टात ठासून सांगितलं. बाबारावानं ते नाकारलं नाही. मारलं ते मारलं. नाकारायला तो काय चोर होता?

मारोतराव समोरच होते. चाकांच्या खुर्चीत, पडू नयेत म्हणून छातीशी पट्टा बांधून बसवलेले. कमरेखालचं शरीर मेलेलं आणि वर पाठीत रात्रंदिवस आग. पडून पडून जखमा होतात, त्या चिघळतात, लघवी नळीनं काढावी लागते. वकील एकेक यातना सांगत होता आणि त्या सगळ्यांची भरपाई बाबारावाकडून मागत होता.

"साहेब, म्या त्या बाईले बोट नाही लावलं," मारोतराव म्हणाले.

पण राळेगावच्या बाजूला मारोतरावांच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार! मजुरांवर काठी उगारणारा, कापूस वेचणाऱ्या बायांना तोंडाला येईल ते बोलणारा माणूस.

भरपाईत बाबारावाचं वावर जाणार, हे दिसतच होतं. "वावर गेलं तं गेलं," तो आपल्या वकीलबाईंना, रुपालीताईंना, म्हणाला होता. "पण कोर्टानं लिहावं का यानं पयले माह्या बहिणीची पाठ मोडली. मी उगाच नाही मारलं." त्याला एवढंच हवं होतं. तुरुंगातले महिने त्यानं याच एका गोष्टीच्या आधारावर काढले होते.

ती दुपार त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मारोतरावांच्या वावरात, धुऱ्याच्या बांधाजवळ, त्याची मोठी बहीण विमल पालथी पडली होती. पाठ रक्तानं भरलेली. पाय हलत नव्हते.

"बाई, कोणं मारलं?"

"मालकानं," ती कशीबशी बोलली आणि तिची शुद्ध गेली.

तेवढ्यात तिचा नवरा शालिकराव तिथं आला.

"भाटवे, मारोतरावानं मारलं बाईले!" बाबाराव किंचाळला.

शालिकराव क्षणभर नुसताच उभा राहिला. मग त्यानंच बंडीची उभारी उपसून बाबारावाच्या हातात दिली. "पाहून काय राह्यला? मोड त्याचं कंबरडं!"

मारोतराव गोठ्यापुढं कापूस मोजायच्या काट्याजवळ उभे होते. "मालक, पळा!" असं कोणीतरी ओरडलं, पण तोवर पहिला घाव बसला होता. पुढचे घाव बाबारावानं मोजले नाहीत. हाड मोडल्याचा आवाज त्यानं ऐकला आणि त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला जन्मात वाटलं नव्हतं. कापसाच्या ढिगावर रक्त उडत होतं. शालिकराव पडलेल्या माणसाचं तोंड बुटानं ठेचत होता. पण पोलिसांत बाबारावानं सगळं आपल्याच अंगावर घेतलं.

विमलला त्याच संध्याकाळी नागपूरला नेलं. ती वाचली, पण कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तिला उठता येईना. बाबाराव सुटून आला तेव्हा शालिकरावानं त्याला दारातच बजावलं, "तिच्यापुढं त्या दिवसाचं नाव काढू नोको. झटके येतात तिले. तुह्यं अन् मारोतरावाचं मजुरीवरून भांडण झालं, येवढंच सांगतलं म्या."

भाटवा बहिणीला इतकं जपतो, हे पाहून बाबारावाला भरून येई. शालिकराव तिला एकटं म्हणून सोडत नसे. साक्षीचं निघालं तेव्हाही तो भांडला होता. "तिले कायले ओढता कोर्टात?" पण वकीलबाईंनी ऐकलं नाही.

विमलबाईंचं नाव पुकारलं. शालिकराव तिचा दंड धरून पिंजऱ्यापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला.

"तुम्ही बाहेर बसा," न्यायाधीश म्हणाले. तो घुटमळला, तेव्हा शिपायानं त्याला दाराबाहेर नेलं.

विमलनं मारोतरावांकडं पाहिलं. "अगं माय!" तिच्या तोंडून निघालं आणि तिनं त्यांना हात जोडले. अजून धाक गेला नाही हिचा, असं बाबारावाच्या मनात आलं. त्याच्या मुठी वळल्या.

"त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"वेचणी थांबवून पाणी पीत होती साहेब. मागून लाथ बसली. मी पडली, तं पाठीत दगड घातला. हाड मोडलं तरी थांबले नाही. पयले बी मारे, पण त्या दिवशी लय मारलं."

पयले बी! तेव्हाच याचा जीव घ्यायला पाहिजे होता, बाबारावाला वाटलं.

"कोणी मारलं?"

"मालकानं."

बाबारावानं डोळे मिटले. छातीवरचं ओझं उतरलं. रुपालीताईंनी त्याच्याकडं पाहून मान हलवली.

"बाई, मालकाचं नाव सांगा. लिहून घ्यायचं आहे."

विमलनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. एकवार दाराकडं पाहिलं.

"थे कसं घेऊ साहेब?" ती म्हणाली. "नवऱ्याचं नाव घेत नाहीत आमच्यात."