खिडकीतला व्यायाम

धाकटीच्या हातून कप सुटला आणि चहा थेट फायलींवर सांडला.

"तिसरा," शेजारच्या टेबलावरचा वात्रट म्हणाला. "आता हिला स्टीलचा पेलाच आणून द्या."

धाकटी हसली नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. रात्रभर मनगट ठणकायचं. सकाळी वेणी घालायला आईला हाक मारावी लागायची. डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तेवढ्यात हात सुधारला तर ठीक, नाहीतर टायपिंग सोडा, असं त्यांनी सांगितलं होतं. घरात कमावती ती एकटी. सोडून काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाई फडकं घेऊन आल्या. फायली पुसता पुसता म्हणाल्या, "आधी ती खुर्ची वर घे."

बाईंनी बत्तीस वर्षं टायपिंग केलं होतं, तेही जुन्या जड मशीनपासून. पण त्यांच्या मनगटाला कधी पट्टी लागली नव्हती. बोटं इतकी हलकी चालायची की आवाजसुद्धा यायचा नाही. नवीन माणूस त्यांच्या मागे उभं राहून नुसतं बघत बसायचं. धाकटीही पहिल्या दिवशी तशीच थक्क होऊन उभी राहिली होती.

"कोपर टेबलाच्या उंचीला हवं. मनगट सरळ. कडेवर टेकवायचं नाही. माऊस एवढा लांब कशाला, पळून जाईल का तो? आणि बटणं हळू दाब गं, त्यांनी काय घोडं मारलंय तुझं?"

एवढं सांगून बाई घड्याळाकडे बघून उठल्या आणि खिडकीशी गेल्या. दर अर्ध्या तासाला त्या अशा उठायच्या. खिडकीजवळचं ते टेबल त्यांनी अकरा वर्षांपूर्वी हट्टाने मागून घेतलं होतं. दुपारी ऊन तोंडावर यायचं, तरी पडदा लावू द्यायच्या नाहीत. काचेशी उभं राहून त्या दोन्ही मुठी छातीपाशी न्यायच्या आणि सावकाश उघडायच्या. बोटं एकेक करून मिटायच्या. मनगटं आत-बाहेर फिरवायच्या. मग एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून क्षणभर थांबायच्या, बाहेर बघायच्या, मान हलवायच्या आणि परत कामाला लागायच्या.

"बाई, हा व्यायाम कुठला?" धाकटीने विचारलं.

"घरचाच आहे."

"रोज करता?"

"चुकवायचा नाही. माणूस कामाला बसलं की मान वर करायचं विसरतं. माझा मुलगा तसाच आहे."

घरच्याबद्दल बाई इतकंच बोलायच्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि बघून बघून तसंच करू लागली. बाईंनी वळून पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं, मग त्यांना हसू फुटलं.

"कर, कर. शेवटी मान हलवायला मात्र विसरू नकोस."

महिनाभरात धाकटी धरून नऊ जण बाईंच्या मागे उभे राहू लागले. वात्रटसुद्धा. त्या अर्ध्या मिनिटात कुणी खोकतही नसे. अठरा हात एकदम उघडायचे, एकदम मिटायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

एकदा खाली ट्रकचा टायर फुटला. सगळे दचकून खिडकीशी धावले. समोरच्या इमारतीत, याच उंचीवर, एक घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

"याला म्हणतात एकाग्रता!" वात्रट म्हणाला. बाई आपल्या टेबलाकडे वळल्या.

धाकटीची बोटं जागी झाली. डॉक्टरांनी तिला सगळा व्यायाम करून दाखवायला लावला.

"हा प्रकार मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही दर अर्ध्या तासाला थांबता, हात मोकळे करता, हेच खरं औषध. सोडू नका."

त्याच आठवड्यात बाई गेल्या. झोपेतच. त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं.

त्यांचं काम इतरांवर पडलं. साहेबांनी सांगितलं, "आता खिडकीतला खेळ पुरे. आधी ढीग उपसा."

सगळे मुकाट्याने बसून राहिले. आठवडा गेला आणि धाकटीच्या अंगठ्यात पुन्हा मुंग्या आल्या. अकरा वाजता ती उठली.

"बसा," साहेब म्हणाले.

"साहेब, हात गेला तर माझं घर बसेल."

ती काचेशी गेली. मुठी छातीपाशी नेल्या. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. वळून न बघताही तिला कळलं, सगळे आले होते. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अठरा हात एकदम उघडले.

समोरची खिडकी आठवडाभर बंद होती, ती आज उघडी होती. घड्याळजीने मान वर केली. त्याच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं.

तो उठला आणि धावत खाली आला. रस्ता ओलांडताना गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्लोळ केला, त्याने वळूनही पाहिलं नाही. धापा टाकत तो दारात उभा राहिला आणि एकेकाच्या हातांकडे बघू लागला.

"कोण हवंय?" वात्रटने विचारलं.

त्याने कानाला हात लावून मान हलवली. धाकटीच्या टेबलावरचं पेन उचललं आणि कागदावर लिहिलं. धाकटीने तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला.

"मोठ्या बाई माझी आई. मी जन्मापासून बहिरा. हातांची ही भाषा आम्ही दोघांनी घरात तयार केली, तिसऱ्या कुणाला ती येत नव्हती. तुम्ही आईच्या मागे उभे राहायचात, त्यावरून आम्ही संध्याकाळी पोट धरून हसायचो. ती गेल्यापासून मी खिडकी उघडली नव्हती. अकरा वर्षं ती इथून मला जे सांगायची, ते आज तुम्ही नऊ जण एकदम म्हणालात: बाळा, मान वर कर, डोळ्यांना जरा विसावा दे, मी इथेच आहे."