कॉफीच्या डब्यातली काडतुसं

"दुकानातली?" ऑर्विल स्टकीने विचारलं.

ट्रेंटच्या हातात काडतुसांचं कोरं करकरीत खोकं होतं. लपवायला उशीर झाला होता. चांदमारीच्या मैदानावरची सगळी म्हातारी मंडळी वळून बघायला लागली.

"हो. दुकानातलीच."

"असू दे, असू दे, जावईबापू. कुणी घरचं जेवतं, कुणी खाणावळीत." आणि सासऱ्याने आपला जुना कॉफीचा डबा उघडला.

त्या डब्यातली काडतुसं म्हणजे आयडाहो राज्याच्या त्या कोपऱ्याची शान होती. ऑर्विल ती घरामागच्या शेडमध्ये, दाराला आतून कडी घालून, एकटा बसून, उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांत बंदुकीची दारू आणि नवी गोळी घालून भरायचा. नाताळात मित्रांना मूठमूठ वाटायचा. डोळे बांधून बार काढला तरी नुसत्या आवाजावरून ऑर्विलचं काडतूस ओळखेन, असं शेजारचा मर्ल शपथेवर सांगायचा. आणि पुंगळ्यांची ती चकाकी! मैदानावर वाकून वाकून वेचलेल्या जुन्या पुंगळ्या हा माणूस घासतो तरी कशाने, कोण जाणे. कृती मात्र कुणाला सांगायचा नाही. "पुस्तकात बघा," म्हणायचा. "दुसऱ्याच्या कृतीने काडतूस भरणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने गाडी हाकणं."

ट्रेंट शहरातला, बॉइझीचा. धंद्याने विमा एजंट. जोलीनशी लग्न होऊन त्यांची मुलगी शाळेत जायला लागली होती, तरी सासऱ्याच्या लेखी तो अजून पाहुणाच. त्या रविवारी जेवताना तो एकदम म्हणाला, "मला शिकवा ना काडतुसं भरायला."

ऑर्विलच्या हातातला चमचा ताटलीत पडला. "आधी पुस्तक वाच."

ट्रेंटने पुस्तक आणलं आणि अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"एकच?" सासरा म्हणाला. "एका पुस्तकावर विसंबणाऱ्याशी हात मिळवताना त्याची बोटं मोजून घ्यावीत. दुसरं आण."

ट्रेंटने दुसरं आणलं. पहिलं गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचं होतं, दुसरं दारू बनवणाऱ्या कंपनीचं. एकाच गोळीला दारू किती घालायची, याचे दोघांचे आकडे जुळेनात.

"मग ऐकायचं कुणाचं?"

"दोघांत जे जास्त भित्रं असेल त्याचं. आणि तिसरं आण."

हिवाळा असाच गेला. ट्रेंट पुस्तकं घेऊन झोपायचा आणि पुस्तकं घेऊन उठायचा. मधूनच तो आशेने शेडकडे बघायचा, की सासऱ्याची दाढ दुखायला लागायची. ते दुखणं जुनंच होतं. ऑर्विल दर महिन्याला डोंगरापलीकडच्या गावातल्या दंतवैद्याकडे जायचा, एकटाच, पिकअप घेऊन. "मी सोडू का?" म्हटलेलं त्याला चालायचं नाही. जोलीन म्हणायची, "बाबांच्या तोंडात आता दाढा उरल्यात तरी किती?"

बर्फ वितळलं आणि ट्रेंट परीक्षेला उभा राहिला.

"दारू कुठली घेशील?" बुडत्याने काडीला हात घालावा तसा सासऱ्याने प्रश्न टाकला.

"फुगीर. पुंगळीत ऐसपैस जागा खाणारी. चुकून दोनदा पडली तर काठावरून ओसंडते आणि डोळ्यांना दिसते. दुसरी असते ती चिमूटभर पुरते, म्हणून लोकांना स्वस्त वाटते. पण दुप्पट पडली तरी तळाशी चोरासारखी गप्प बसते. नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. आणि टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा."

ऑर्विलने खिसे चाचपले. नापास करायला जागाच नव्हती.

"शेडची किल्ली कुठेतरी पडलीय," तो म्हणाला.

"खिळ्याला तर आहे, बाबा," जोलीन म्हणाली आणि तिने ती आणून दिली.

शेडमध्ये सगळं रुखवतासारखं मांडलेलं होतं. टेबलावर दारूचा एक कण सांडलेला नव्हता. भिंतीला लागून वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या बादल्या एकीवर एक, पार छताला टेकलेल्या. ट्रेंटने फळीवरून त्या फुगीर दारूचा डबा उतरवला आणि झाकण फिरवलं. आतलं सील शाबूत होतं.

"हा नवा दिसतोय," तो म्हणाला आणि त्याने शेजारचा उघडला. त्याचंही सील शाबूत. मग त्याच्या शेजारचा. मग त्याने एकेका डब्याचं झाकण फिरवत फळी संपवली. शेवटी त्याची नजर काडतुसं भरायच्या यंत्रावर गेली. दांड्याला कारखान्याचा तेलकट कागद अजून गुंडाळलेला होता, पिवळा पडलेला.

मागे कडी वाजली. ऑर्विलने दार आतून लावून घेतलं होतं. तो वाकला आणि टेबलाखालून त्याने एक कोरं करकरीत खोकं काढलं. ट्रेंट वापरायचा तीच कंपनी, तेच काडतूस. वर दंतवैद्याच्या गावातल्या दुकानाचं लेबल. खोकं त्याने कॉफीच्या डब्यात रितं केलं. डबा खुळखुळला.

"म्हणजे तुम्ही... एकही नाही भरलंत?" ट्रेंटने विचारलं.

"तिन्ही पुस्तकं वाचलीस ना? तिन्हींत सुरुवातीलाच काय लिहिलंय?"

"शंका आली तर थांबा."

सासऱ्याने फळीखालून कॉफीचा आणखी एक डबा काढला. रिकामा, धुतलेला. तो त्याने ट्रेंटपुढे सरकवला.

"मी थांबलोय, पोरा. जोलीन तिसरीत होती तेव्हापासून."